केशोरीची जीप मिस मारते

केशोरी
२४ जून २००२

आदरणीय डोमनलालभाऊ यांना देवीदासचा सप्रेम जयभीम.

तुम्ही चिंचवडला लेकाकडे, दुर्गेशकडे गेले त्याला दोन वर्षं झाली. कुडव्याचं गॅरेज बंद पडलं आणि मला विचारायला माणूस उरला नाही. एस.टी.डी.वर बोललो असतो, पण मागे चार लोक उभे असताना गाडीचं दुखणं फोनवर सांगून होत नाही. म्हणून कागद घेऊन बसलो.

भाऊ, जीप मिस मारून राहिली आहे. लिलावातून घेतलेली तीच पेट्रोल जीप, जी तुम्ही दोन महिने खोलून पुन्हा उभी केली होती. सहा वर्षं तिनं कधी रस्त्यात सोडलं नाही. आता महिना झाला, चालता चालता उचकी लागल्यासारखे झटके देते. दोन-चार झटके, कधी दहा, आणि मग जसं काही झालंच नाही अशी सुरळीत चालते. रोज होते असंही नाही. चार दिवस काहीच नाही, पाचव्या दिवशी भर रस्त्यात.

अर्जुनीच्या मुन्नालाल मिस्त्रीकडे नेली. त्याच्यासमोर शिलाई मशीनसारखी चालली. तो म्हणाला, "मिसिंग गाडी में नहीं, तेरे कान में है." तरी त्यानं प्लग बदलले, कार्बोरेटर धुऊन दिला. परत येताना गोठणगाव ओलांडलं आणि तिनं झटके सुरू केले. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं सांगत नाही.

गावात एस.टी. दिवसातून दोनदा येते. कोणाची बाळंतीण अडली, कोणी झाडावरून पडला, की लोक माझ्याच दारात येतात. लीलाबाई म्हणते, गाडी विकून टाका. पण मग लोकांनी जायचं कशानं?

तुमच्या हातची गाडी आहे. तुम्हीच सांगा काय पाहू.

तुमचा
देवीदास


चिंचवड
४ जुलै २००२

प्रिय देवीदास, राम राम.

हे अक्षर सूनबाई रविताचं आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. डाव्या डोळ्यानं आता काहीच दिसत नाही. मी बोलतो, ती लिहिते. शब्द इकडचा तिकडे झाला तर तिला बोल लावू नको.

आधी हे पाहा की पेट्रोल तुटते की करंट तुटते. पेट्रोल कमी पडलं तर गाडी हळूहळू दम सोडते, चढावर थकल्या बैलासारखी. करंट तुटला तर एकदम झटका बसतो, कोणी दिवा फुंकल्यासारखा. तुझी कशी करते ते नीट लक्ष देऊन पाहा आणि लिही.

झटके आले की टाकीचं झाकण उघडून पाहा, हवा आत ओढल्याचा आवाज येते काय. येत असेल तर झाकणाचं बारीक छिद्र बुजलं आहे. तसं नसेल तर कंडेन्सर बदल. त्यानं नाही भागलं तर कॉइल. ती गरम झाली की दगा देते आणि थंड झाली की साळसूद होते. एका वेळी एकच वस्तू बदल. चार वस्तू एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

कधीमधी येणारा बिघाड फार छळतो. मिस्त्रीसमोर तो येतच नाही, आणि मालकाला लोक वेडा म्हणतात. तू वेडा नाहीस.

एक गोष्ट ऐक. दोष सापडेपर्यंत ह्या गाडीत पेशंट घेऊ नको.

डोमनलाल


केशोरी
१६ जुलै २००२

आदरणीय भाऊ, जयभीम.

पत्र पोचलं. दिवा फुंकल्यासारखाच झटका बसते. टाकीचं झाकण उघडून पाहिलं, काही आवाज नाही. कंडेन्सर बदलला, तीन दिवस बरी चालली, मी लीलाबाईला म्हटलं सापडलं. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. मग कॉइल बदलली. काही फरक नाही.

एक नवल सांगतो. अंगणात उभी करून कितीही रेस करा, एक झटका नाही. रस्त्यावर माणसं बसवून पाय दाबला की मिस मारते. परवा खड्ड्यात चाक आदळलं आणि त्या धक्क्यानं ती आपोआप सुधरली. हे काय आहे भाऊ? मी तर रात्री डोळे मिटले की इंजिनच ऐकतो.

पेशंट घेऊ नको म्हणता. मागच्या आठवड्यात एका बाळंतिणीला अर्जुनीला नेलं. दोनदा झटके आले, पण पोचलो. धानाचे रोवणे सुरू आहेत, गावात ट्रॅक्टर आहेत ते सगळे चिखलणीत. दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणू?

तुमच्या पत्रात कॉइलच्या वर एक ओळ खोडलेली आहे. उजेडात धरून पाहिली, वाचता आली नाही. कामाची होती काय?

तुमचा
देवीदास


चिंचवड
२१ जुलै २००२

प्रिय देवीदास, राम राम.

ती ओळ काही नव्हती. रविताच्या हातून चुकून लिहिली गेली.

तू जे लिहिलं त्यावरून दोष डिस्ट्रिब्यूटरमध्ये आहे. तू ते उघडून बसू नको. आतलं काम बारीक आहे, बिघडेल. गोंदियात जागेश्वरकडे जा, माझं नाव सांग, आणि अख्खा डिस्ट्रिब्यूटर बदलून घे. जुना त्याच्याकडेच टाकून दे, घरी आणू नको. काही कामाचा नाही तो.

लवकर जा. आणि पेशंटचं मी सांगितलं ते पुन्हा सांगतो.

माझा उजवा डोळाही आता धूसर झाला. बाकी ठीक.

डोमनलाल


केशोरी
१४ ऑगस्ट २००२

आदरणीय भाऊ,

हे पत्र तीनदा लिहिलं आणि फाडलं.

तुमचं पत्र २७ जुलैला मिळालं. गुरुवारी गोंदियाला जायचं ठरवलं होतं. मंगळवारी, तीस तारखेला, सकाळी दहाच्या सुमारास उदाराम धावत आला. आमच्याच मोहल्ल्यातला, तुम्ही त्याला पाहिलं नाही. त्याची बायको अनुसयाबाई रोवण्यावर होती. शेताच्या धुऱ्यावरची धानाच्या पऱ्ह्यांची पेंढी उचलताना तिच्या हाताला नाग डसला. इथल्या डॉक्टरांनी पहिलं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, श्वास अडायच्या आत अर्जुनीच्या मोठ्या दवाखान्यात पोचवा.

उदाराम म्हणाला, "देवीदास, गाडी काढ गा."

तुमचं पत्र माझ्या शर्टाच्या खिशात होतं. मी त्याला सांगायला पाहिजे होतं की ह्या गाडीचा भरवसा नाही, कोणाची मोटरसायकल पाहा, दोघांच्या मधात बसवून ने. मी म्हटलं, "चाल, बस."

ती मागे होती, डोकं उदारामच्या मांडीवर. गाव सुटलं तोवर नीट बोलत होती. "चुलीवर भात तसाच आहे, मायले सांगा," म्हणाली. मग तिच्या पापण्या मिटायला लागल्या. उदाराम बोटानं उघडे, त्या पुन्हा मिटत. मी पाय दाबला. गोठणगावच्या अलीकडे जंगलात चढ आहे, तिथं एक झटका बसला, मग दुसरा, आणि गाडी बंद.

"काऊन थांबवली गा?"

"मी नाई थांबवली."

बॉनेट उघडलं. तुम्ही नको म्हटलं होतं तरी डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं, पॉइंट पुसला. सगळं जागच्या जागी दिसत होतं. सेल्फ मारला, चालू झाली, पन्नास पावलं गेली, बंद. असं चार वेळा. मागून उदाराम म्हणाला, "देवीदास, ही घोरून राहिली." ती घोरत नव्हती, भाऊ.

पाऊण तासानं राइस मिलचा ट्रक आला. त्यात टाकून नेली. अर्जुनीच्या आधीच संपली. मी डॉक्टरांना विचारलं, पाऊण तास आधी आणली असती तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. काही जगतात, काही नाही.

तेरवीला उदारामनं माझा हात धरला. म्हणाला, "तू तुझ्याकडून कोशिश केली." मी हात सोडवून घेतला नाही. गाडी दोन महिन्यांपासून खराब होती हे त्याला ठाऊक नाही. मी सांगितलं नाही.

तुमचा काहीच दोष नाही. तुम्ही दोनदा बजावलं होतं. मी ऐकलं नाही. एवढंच तुम्हाला कळवायचं होतं, म्हणजे तुम्ही मनाला लावून घेणार नाही.

देवीदास


चिंचवड
२४ ऑगस्ट २००२

देवीदास,

मी बोलून राहिलो आणि रविता लिहून राहिली. ह्या वेळी काहीही खोडायचं नाही असं तिला सांगितलं आहे.

मला मनाला लावून घेऊ नको म्हणतोस. तर ऐक.

डिस्ट्रिब्यूटरच्या आत, पॉइंटपासून बाहेरच्या खिळ्यापर्यंत, बोटभर लांबीची एक तार असते. ती मऊ पाहिजे, आत केसासारखे बारीक धागे असलेली. कारण ज्या चकतीवर पॉइंट बसतो ती चकती गाडीवर भार पडला की थोडी फिरते, आणि तार तिच्यासोबत वळते. रोज हजारदा वळते. तुझी गाडी उभी केली तेव्हा जुनी तार माझ्या हातून तुटली. तशी तार त्या दिवशी गोंदियात मिळाली नाही. तू सकाळपासून गाडी न्यायला येऊन बसला होतास. मी हॉर्नच्या तारेचा एक तुकडा कापून लावला. जाड, कडक. म्हटलं, पुढच्या वेळी आली की बदलू. पुढच्या वेळी विसरलो. मग तर कधी आठवलंच नाही.

कडक तार वळून वळून आतून तुटते. वरची साल शाबूत राहते, म्हणून पाहणाऱ्याला दिसत नाही. गाडी उभी असली की आतली टोकं एकमेकांना टेकून असतात. भार आला, चकती फिरली, की सुटतात.

तुझं पहिलं पत्र रवितानं वाचून दाखवलं तेव्हाच मला ती तार आठवली. मी बोललो, तिनं लिहिलं: आधी पॉइंटची तार ओढून पाहा. आणि मग मी म्हटलं, खोड ती ओळ. तीस वर्षं कुडव्यात लोक म्हणत की डोमनलालच्या हातची गाडी वापस येत नाही. डोळे गेले, गॅरेज गेलं, एवढं एकच राहिलं होतं. वाटलं, कंडेन्सर असेल, कॉइल असेल, होऊही शकते. दुसऱ्या पत्रानंतर तेही वाटायला जागा नव्हती. तरी अख्खा बदलून टाक म्हटलं, म्हणजे कोणी उघडून पाहणार नाही.

ओळ खोडली नसती तर तू दहा जुलैला घरीच दहा मिनिटांत ती तार बदलली असती.

रवितानं मधातच पेन ठेवला आणि विचारलं, "बाबूजी, हे खरं आहे?" मी म्हटलं, लिही.

तार दोन बोटांत धरून हलकी ओढ. रबरासारखी लांबली तर तीच.

डोमनलाल


केशोरी
३ ऑक्टोबर २००२

डोमनलालभाऊ,

ओढली. लांबली.

मऊ तार मागवून लावली. मग एकटाच गाडी घेऊन त्या चढापर्यंत गेलो आणि परत आलो. पाय पूर्ण दाबून नेली. एक झटका नाही. घरी येऊन अंगणात गाडीतच बसून राहिलो. लीलाबाईला वाटलं ऊन लागलं.

उदारामला सगळं सांगितलं. आधी माझं, की गाडी खराब आहे हे मला ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. मग तुमचं पत्र वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. त्याची माय दारात बसून होती, तिनंही ऐकलं. त्यानं एवढंच विचारलं, "तार चांगली रायती तं ते वाचली असती का?"

मी म्हटलं, "मले नाई मालूम. डॉक्टरलेही नाई मालूम."

"मंग कोणाले विचारू?"

तो उठून आत गेला.

तुमच्यावर रागवावं असं फार वाटते, भाऊ. पण राग यायला लागला की खिशातलं ते पत्र आठवते, आणि राग तिथंच थांबते. तुम्ही ओळ खोडली आणि मी तोंड बंद ठेवलं. कोणाचं किती, ते मी रोज मनात मोजतो आणि रोज हिशेब वेगळा येते.

आता पत्र पाठवू नका. आलं तरी माझ्यानं ते वाचलं जाणार नाही.

देवीदास


चिंचवड
२० नोव्हेंबर २००२

देवीदासभाऊ यांना रविताचा नमस्कार.

तुम्ही पत्र नको म्हटलं होतं, तरी लिहिते आहे. हे मी माझ्या मनानं लिहिते, बाबूजींनी सांगितलेलं नाही.

तुमचं पत्र वाचून दाखवलं त्या दिवसापासून बाबूजी केशोरीला जायचं म्हणत होते. एवढ्या दूर, दिसत नाही, एकटे कसे जाल, म्हणून ह्यांनी दिवाळीपर्यंत अडवून धरलं. शेवटी गोंदियापर्यंत सोबत मिळाली तेव्हा हट्टानं गेले. परवा परत आले. तेव्हापासून ताटातलं अर्धं तसंच राहते. मी विचारलं, उदारामभाऊ भेटले का, तर म्हणाले, "भेटला."

त्या पत्रांत पेन माझ्या हातात होता. बाबूजींनी खोड म्हटलं आणि मी काही न विचारता खोडलं. ती ओळ मी वाचली होती, भाऊ. मला गाडीतलं काही कळत नाही, पण एखादी गोष्ट सांगून लगेच मागे घेतली तर त्यात काही आहे, एवढं तरी कळायला पाहिजे होतं. सासऱ्यांना उलट कसं विचारायचं, म्हणून गप्प राहिले.

तिथे काय झालं ते मला कळवा.

रविता


केशोरी
१ डिसेंबर २००२

रविताबाई यांना देवीदासचा जयभीम.

बाबूजी बुधवारी दुपारच्या एस.टी.नं उतरले. खांद्याला पिशवी, हातात काठी. अर्जुनीहून कोण्या गुरुजींनी त्यांना गाडीत बसवून दिलं होतं. मी आवाज दिला तसे माझ्या बाजूनं वळले, पण चेहरा जरा चुकीच्या दिशेला होता. मी पाया पडलो. एवढं सगळं होऊनही हात आपोआप खाली गेले. जीप स्टँडवरच उभी होती. त्यांनी हातानं चाचपून बॉनेट ओळखलं आणि हात मागे घेतला. म्हणाले, "पायी जाऊ."

उदाराम बांधीत धान कापत होता. मी बाबूजींचा हात धरून धुऱ्या-धुऱ्यानं नेलं. वाटेत दोनदा त्यांचा पाय घसरला. उदाराम आम्हाला लांबूनच पाहत होता, पण जागचा हलला नाही. आम्ही जवळ गेलो तेव्हा बाबूजींनी काठी खाली ठेवली आणि हात जोडले. जे पत्रात लिहिलं होतं तेच सांगितलं. तार, हॉर्नचा तुकडा, खोडलेली ओळ. आपल्या बाजूनं एक शब्द जास्त बोलले नाहीत. वय सांगितलं नाही, डोळ्यांचं सांगितलं नाही. मग म्हणाले, "तुले जे म्हणायचं असन ते म्हण, बापू. मी त्याच्यासाठीच आलो."

उदारामनं हातातली धानाची मूठ खाली ठेवली. मग म्हणाला, "सांगून तुमचं हलकं झालं असन. माझं नाई झालं."

आणि वाकून कापायला लागला.

बाबूजींनी मला हळूच विचारलं, "गेला का?" मी म्हटलं, "नाई. कापून राहिला." ते तसेच उभे राहिले. उदाराम कापत कापत बांधीच्या त्या टोकाला गेला, तिथून परत येताना आमच्या पायाजवळून ओळ धरून गेला, वर पाहिलं नाही. ऊन कलेपर्यंत ते उभे होते. मी दोनदा म्हटलं, चला. शेवटी उदारामची माय आली आणि म्हणाली, "न्या गा म्हाताऱ्याले घरी, पडन." तेव्हा निघाले.

त्या मुक्कामी ते माझ्या घरी जेवले नाहीत. लीलाबाईनं दूध दिलं तेवढं घेतलं. सकाळी एस.टी.त बसवताना मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. माफ केलं असं म्हणायला माझ्याकडे काय होतं? माफ करायचं ते उदारामनं, आणि त्यानं मलाही केलेलं नाही. बस निघेपर्यंत मी खिडकीजवळ उभा राहिलो. त्यांना मी दिसत नव्हतो. मी आहे हे त्यांना ठाऊक असेल की नाही, मला सांगता येत नाही.

तुम्ही स्वतःबद्दल लिहिलं. तुम्हाला दोष नाही असं मी लिहिणार होतो. पण तसंच मी एकदा बाबूजींना लिहिलं होतं. म्हणून लिहीत नाही.

गाडी विकायची होती. लीलाबाईच आता म्हणते, विकू नका, दुसरी कोणती गाडी आहे गावात? मागच्या शुक्रवारी सकाळी उदाराम दारात उभा. त्याच्या मायला चार दिवसांपासून ताप होता आणि ती ओळखेनाशी झाली होती. त्यानं "गाडी काढ" म्हटलं नाही. नुसता उभा राहिला. मी चावी घेतली. तो मायला मागे घेऊन बसला, पूर्वी बसला होता त्याच बाजूला. चढावर मी आरशातून पाहिलं. त्यानं दोन्ही हातांनी मायचं डोकं धरून ठेवलं होतं आणि डोळे गच्च मिटले होते. इंजिनचा आवाज ऐकत होता. मीही ऐकत होतो.

एकदाही मिस झाली नाही. दवाखान्याच्या दारात त्यानं मायला पाठीवर घेतलं आणि आत गेला. माझ्याकडे पाहिलं नाही. म्हातारी आता बरी आहे.

हे बाबूजींना वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

देवीदास